दीड महिन्याच्या लशीला एवढं विचारा

तीन महिन्यांचं बाळ. कालपासून दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, मधूनच एक हात झटकतं. घरची माणसं सांगतात की पलंगावरून पडलं, थोडं रडलं आणि झोपलं. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसतं. छातीच्या एक्स-रेत पाठीकडच्या दोन-तीन बरगड्या मोडून जुळत आलेल्या दिसतात. दोन फुटांच्या पलंगावरून पडून बाळाच्या पाठीकडच्या बरगड्या अशा मोडत नाहीत, आणि जुळत आलेलं हाड कालचं नसतं. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सना हे चित्र ओळखीचं असतं. घरच्यांसमोर ते बोलून दाखवणं मात्र त्यांनाही जड जातं.

आपल्याकडे असं होत नाही, ही समजूत आधी बाजूला ठेवू या. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांवरच्या अत्याचारांचा अहवाल काढला. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता, आणि त्यात महाराष्ट्र होता, गोवाही होता. तीनपैकी दोन मुलांनी आपल्याला मारहाण झाल्याचं सांगितलं. घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. ही पाहणी पाच ते अठरा वर्षांच्या मुलांची होती. ज्यांना बोलता येत नाही ती तान्ही मुलं तिच्यात नव्हतीच, आणि मारामुळे मरण्याचा धोका सगळ्यात जास्त त्यांनाच असतो.

जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये दोन वर्षांची एक मुलगी दाखल झाली, ते अनेकांना आठवत असेल. डोक्याला जबर मार, मोडलेले हात, अंगावर माणसाने चावल्याच्या खुणा. जवळजवळ दोन महिने डॉक्टरांनी तिच्यासाठी झुंज दिली, तिच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया केल्या. मार्चच्या मध्यावर ती गेली. तिला रुग्णालयात घेऊन आलेली मुलगी स्वतः अल्पवयीन होती आणि तिचंही शोषण झालेलं होतं. देशभर हळहळ व्यक्त झाली, मेणबत्त्या लागल्या. मला त्या बातम्या वाचताना सारखं वाटत होतं की एवढ्या जखमा एका रात्रीत होत नाहीत. मधल्या काळात त्या मुलीला बघणारं कोणी ना कोणी असणारच.

हे डोळ्यांसमोर असून न दिसणं डॉक्टरांच्याही वाट्याला आलंय. १९४६ साली अमेरिकेतले क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी सहा तान्ह्या मुलांची नोंद केली. मेंदूभोवती रक्त आणि हातापायांची मोडलेली हाडं, हे दोन्ही एकाच बाळात. कारण काय, ते त्यांनी स्पष्ट लिहिलं नाही. डेन्व्हरच्या हेन्री केम्पे यांनी १९६२ मध्ये उघड सांगितलं की या मुलांना घरात मारलं जातंय, तेव्हा कुठे तिथे कायदे झाले. मग १९७१ मध्ये इंग्लंडमधले मेंदूचे शल्यविशारद नॉर्मन गथकेल्च यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. डोक्यावर बाहेरून टेंगूळही नसताना, केवळ गदागदा हलवल्याने बाळाच्या मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण कितीतरी लोकांना खरोखरच माहीत नसतं. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. मान अजून धरलेली नसते. मेंदू मऊ असतो, त्यात पाण्याचं प्रमाण जास्त असतं. बाळाला दंडांना किंवा छातीला घट्ट धरून रागाने हलवलं की डोकं मागेपुढे हिसडतं, मेंदू कवटीच्या आत फिरतो आणि त्याला जोडणाऱ्या बारीक शिरा तुटतात. डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरतं. छाती आवळली गेली म्हणून पाठीकडच्या बरगड्या मोडतात. पण खरा घात बहुतेकदा पुढे होतो. श्वास थांबतो किंवा मंदावतो, मेंदूला प्राणवायू मिळत नाही, तो सुजतो, टाळू फुगून वर येते. या सगळ्याला काही सेकंद पुरतात. पाळण्यात झोका देणं, मांडीवर थोपटणं, मालिश, रिक्षातले धक्के यांनी असं होत नाही, त्यामुळे त्याची धास्ती घेऊ नका. बाळ निपचित पडलं तर त्याला शुद्धीवर आणायलासुद्धा हलवायचं नाही, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा. तळपायाला टिचकी मारा, हाक मारा आणि १०८ला फोन करा.

अतिदक्षता विभागात पुढे काय होतं? श्वासनलिकेत नळी, व्हेंटिलेटर, झटके थांबवणारी औषधं, डोक्याकडची बाजू उंच केलेली खाट, कधी कवटी उघडून रक्त काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. हे सगळं मेंदूला आणखी इजा होऊ नये म्हणून असतं. झालेली इजा यातल्या कशानेही भरून येत नाही. डोक्याला असा मार बसून दाखल झालेल्या बाळांपैकी साधारण पाचातलं किंवा चारातलं एक मरतं. जी वाचतात त्यांच्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश मुलांना कायमची काही ना काही उणीव राहते. हातपाय आखडतात, फिट्स येत राहतात, डोळे चांगले असूनही मेंदूला दिसत नाही, गिळता येत नाही म्हणून पोटात नळी बसवावी लागते. अपघाताने डोक्याला मार लागलेल्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा ही मुलं वाईट अवस्थेत बाहेर पडतात. एकतर ती फार लहान असतात. दुसरं म्हणजे मार अनेकदा पहिलाच नसतो. आणि सगळ्यात जीवघेणं म्हणजे त्यांना उशिरा आणलं जातं. कोणी घाबरून लपवतं, कोणाला वाटतं झोपून उठलं की बरं होईल. त्या दहा-बारा तासांत मेंदू सुजत राहतो.

म्हणून माझं सगळं सांगणं अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराच्या अलीकडचं आहे.

बाळाच्या रडण्याला एक ठरावीक वळण असतं. दुसऱ्या आठवड्यापासून ते वाढत जातं, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. या काळात निरोगी बाळसुद्धा दिवसातून काही तास रडू शकतं, तेही बहुधा संध्याकाळी आणि रात्री. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी रडतंच. कॅनडातले बालरोगतज्ज्ञ रोनाल्ड बार यांनी या रडण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा गदागदा हलवल्यामुळे दाखल होणाऱ्या बाळांचा आकडा या रडण्याच्या पाठोपाठच चढताना दिसला. तो दहा ते तेरा आठवड्यांच्या वयात सर्वांत वर असतो. म्हणजे बाळाला इजा करणारा माणूस दर वेळी क्रूरच असतो असं नाही. अनेकदा तो झोपेविना राहिलेला, हरलेला, आता तरी गप्प बस म्हणणारा माणूस असतो. हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाही. जो राग आधी ओळखता येतो तो आवरताही येतो, म्हणून सांगते.

आता आपल्या घरांतली रीत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना आई खोलीत, बाळाला न्हाऊ घालायला बाई, रात्री आजी जागी. मग बारसं होतं, पाहुणे पांगतात, आणि दोन-तीन महिन्यांचं बाळ घेऊन मुलगी सासरी जाते किंवा ठाण्या-पिंपरीच्या वन बीएचकेत नवऱ्याबरोबर एकटी राहू लागते. रडणं सगळ्यात जास्त असतं आणि नेमके तेव्हाच हात सगळ्यात कमी असतात. सरकारी व्यवस्थेतही तिथेच फट आहे. आशाताईंच्या नवजात बालकासाठीच्या गृहभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात. पुढच्या भेटी तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतात. मधल्या दिवसांत कोणी दार ठोठावायचं, हे ठरलेलं नाही.

पण त्या दिवसांत लस असते. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. या तीन तारखांना बाळ उपकेंद्रात, अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे येतंच, आणि कपडे काढून वजनही होतं. माझी नर्सताईंना, आशाताईंना, खासगी डॉक्टरांना आणि बरोबर आलेल्या आजीलासुद्धा विनंती आहे की त्या दिवशी आईला एवढं विचारा: रात्री कशा जातात? रडतं तेव्हा कोण घेतं? कधी वाटतं का, की आता सहन होत नाही, याला आपटावं? शेवटचा प्रश्न ऐकून दचकू नका. तो विचारला की बहुतेक आया रडतात आणि मग बोलतात. बाळंतपणानंतरचं नैराश्यही अशाच वेळी कळतं. "इतक्या बायकांनी मुलं वाढवली, तुलाच काय झालं?" हे वाक्य मात्र घरातून कायमचं हद्दपार करा. आणि दूध पुरत नसेल म्हणून रडतं, असं तिच्या पदरात टाकण्याआधी बाळाचं वजन बघा. वाढत असेल तर दूध पुरतंय.

बाळ रडायचं थांबत नसेल तर एकदा सगळं तपासा. भूक, ओला लंगोट, ताप, बोटाला गुंडाळलेला दोरा, कानाचं दुखणं. उलट्या, ताप, फुगलेलं पोट किंवा सुस्ती असेल तर थेट डॉक्टरांकडे. यातलं काही नसेल आणि आपला संयम सुटतोय असं वाटलं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार लोटून घ्या आणि बाहेर जाऊन दहा मिनिटं बसा. चहा प्या, कोणाला तरी फोन करा. पाळण्यात दहा मिनिटं रडून बाळाला काहीही होत नाही. आपल्याकडे बाळाला रडत ठेवणाऱ्या आईला लगेच दोष लावतात, म्हणून हे सासूबाईंसमोर मोठ्याने वाचून दाखवा.

हे ज्याला सगळ्यात जास्त कळायला हवं त्याला कोणी सांगतच नाही, तो म्हणजे बाप. पाश्चात्त्य देशांत झालेल्या अभ्यासांत बाळाला अशी इजा करणाऱ्यांत पुरुषांचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त आढळलं. आपल्याकडे बाळाच्या संगोपनाचे सगळे सल्ले आई, आजी आणि मावशीला दिले जातात आणि बाप बाहेर औषधं आणायला उभा असतो. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, बफेलोच्या परिसरात, मार्क डायस यांनी १९९८ साली एक साधी गोष्ट सुरू केली. प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी आई आणि बाप दोघांनाही या धोक्याची माहिती द्यायची आणि ती मिळाली असं दोघांच्या सहीने लिहून घ्यायचं. काही वर्षांत तिथे अशा इजांचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलं. पुढे हाच कार्यक्रम पूर्ण पेनसिल्व्हेनिया राज्यात राबवला तेव्हा मात्र दाखल होणाऱ्या बाळांची संख्या घटलेली दिसली नाही. म्हणजे एक कागद सही करून भागणार नाही. तरी मला पहिला प्रयत्न मोलाचा वाटतो, कारण त्यात बापाला खुर्ची देऊन बसवलं गेलं. आपल्या प्रसूतिगृहांनी निदान तेवढं तरी करावं.

आता शेजारी, नातेवाईक, पाळणाघराच्या बाई आणि बाळाला अंघोळ घालणाऱ्या मावशींसाठी. जे बाळ अजून पालथं पडत नाही, रांगत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग पडायला कारण नसतं. अमेरिकेतल्या डॉक्टर मेरी क्लाइड पिअर्स यांनी २०१० मध्ये यासाठी एक सोपा नियम मांडला. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ असेल, आणि चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही वळ असेल, तर तो खेळताना लागलेला मानू नये. चालणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांवर, नडग्यांवर, कपाळावर डाग असतातच. ते सोडून द्या. दूध न पिणाऱ्या बाळाच्या ओठाच्या आतली झिल्ली फाटलेली असेल, तर बाटली जबरदस्तीने कोंबली गेली का, याचा विचार करा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०० अत्याचारग्रस्त तान्ह्या मुलांचे मागचे कागद तपासले गेले. त्यांतल्या २७.५ टक्के मुलांना गंभीर इजा होण्याआधी अशी एखादी छोटी खूण झालेली होती आणि ती कोणाच्या तरी नजरेस पडली होती. डॉक्टरही इथे चुकतात. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात डोक्याला असा मार बसलेल्या १७३ मुलांपैकी ५४ जणांचं निदान पहिल्या तपासणीत हुकलं होतं. उलटी झाली म्हणून पोटाचं औषध देऊन घरी पाठवलं गेलं होतं.

संशय आला तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन फिरवा. ही सेवा १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. आता ती सरकार चालवतं. फोनला पैसे पडत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही. अगदी जीवावर बेतलं असेल तर ११२. आपण पुरावा गोळा करायचा नाही, घरच्यांना जाऊन जाब विचारायचा नाही, फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही. बाल न्याय कायद्यात पीडित मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. आणि अशा मुलावर तातडीचे उपचार करायला रुग्णालय आधी पोलिसांचा कागद मागू शकत नाही.

मोठ्या मुलांबद्दल थोडक्यात सांगते. पोटात बसलेल्या लाथेने आतडं फाटतं, पण बाहेर खूणही दिसत नाही. दोन दिवसांनी पोट फुगून मूल आलं तर वाचवणं कठीण जातं. पट्ट्याने किंवा काठीने फार वेळ मारलं की स्नायूंमधले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडतात. लघवी चहासारखी झाली तर थांबू नका. तान्ह्यांबद्दलची एक गोष्ट राहिली. मेळघाटात पोटफुगीवर तान्ह्या बाळाच्या पोटाला तापलेल्या विळ्याचे डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. तिथे मनात क्रौर्य नसतं, काळजीच असते, पण जंतुसंसर्ग होऊन अतिदक्षता विभागात पोचलेल्या बाळाला त्या फरकाने काही दिलासा मिळत नाही.

समजा वेळ आलीच आणि हातून किंवा घरातल्या कोणाच्या हातून काही घडलं, तर त्याच क्षणी निघा आणि डॉक्टरांना खरं सांगा. "मी हलवलं" हे दोन शब्द ऐकले की डॉक्टर पोटाच्या तपासण्यांत वेळ न घालवता थेट डोक्याकडे वळतात. होय, एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद होईल, पोलीस येतील, बाल कल्याण समितीपुढे जावं लागेल. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मुलाशी क्रूरपणे वागल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मूल कायमचं अधू झालं तर शिक्षा बरीच वाढते. खोटं सांगून यातलं काही टळत नाही, बाळाचे तास मात्र जातात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मेंदूत रक्त दिसलं म्हणजे कोणी तरी मारलंच, असं नसतं. जन्मल्यावर लगेच व्हिटॅमिन के चं इंजेक्शन न मिळालेल्या बाळांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपोआप मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. घरी झालेल्या प्रसूतीत हे इंजेक्शन राहून जातं. रक्त न गोठण्याचे आणि हाडं ठिसूळ असण्याचे आजारही असतात. खुद्द गथकेल्च यांना उतारवयात आपल्या निष्कर्षाचा सरसकट वापर होतोय, निरपराध माणसं त्यात अडकतायत, याची चिंता वाटत होती. म्हणून डॉक्टर अंगभर एक्स-रे काढतात, डोळ्यांचा पडदा बघतात, रक्ताच्या अनेक चाचण्या करतात. त्याला "आमच्यावर संशय घेतात" म्हणून अडवू नका. तुम्ही निर्दोष असाल तर त्याच चाचण्या तुमच्या कामी येतील. आणि शेजाऱ्यांनीही निकाल लागण्याआधी सुनेला किंवा जावयाला फासावर चढवू नये.

मूल वाचून घरी निघालं की बहुतेकांना वाटतं, संपलं. इथे सर्वांत जास्त कुचराई होते. पहिला प्रश्न असतो की मूल कोणाच्या घरी जातंय. जिथे मार बसला तिथेच ते परत गेलं आणि काहीच बदललं नाही, तर पुन्हा मार बसतो. बाल कल्याण समिती त्याला आजीकडे, मावशीकडे किंवा अन्य सुरक्षित घरी ठेवू शकते. आजी तयार असेल तर तिने स्वतःहून समितीला तसं सांगावं. घरात भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी करून घ्यावी.

मग उपचार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्या पालघरमधून झाली. त्याखाली जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे फिजिओथेरपी, बोलण्याचे उपचार, डोळे-कानांची तपासणी मोफत होते. चालू असलेलं फिटचं औषध मनाने बंद करू नका. सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अपंगत्व आलं तर दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो. सुरुवातीला अगदी ठीक दिसणाऱ्या मुलातही अडचण चार-सहा वर्षांनी डोकं वर काढते, कारण लक्ष देणं, राग आवरणं, एकामागून एक गोष्टी आखणं ही कामं मेंदू उशिरा शिकतो. अशा मुलाला शाळेत "बेशिस्त" म्हणून पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर पाठवतात. म्हणून डिस्चार्जचा कागद आणि स्कॅनची फाईल फेकू नका. पहिलीत घालताना बाईंना एवढं सांगा की याच्या मेंदूला तान्हेपणी इजा झाली होती. कशी झाली ते सांगायची गरज नाही.